तिनं पोट चोळलं नव्हतं

माझी बायको गावातल्या लेकरांची पोटं चोळायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरनं घडलं. ती जाऊन आता आठ महिने झाले. ती असताना मी हे कुणापुढं बोललो नाही. आता बोलायला लागलो तर लोक म्हणतात, म्हाताऱ्याला बायकोची लई आठवण येते. आठवण येतेच. पण मी आठवण सांगत नाही, मी केलेलं सांगतोय.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं, कंधारच्या शिवेला टेकलेलं. तिचं माहेर ओढ्यापलीकडं, कंधार तालुक्यात. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जन्मभर पिठाची गिरणी चालवली, डिझेल इंजनावरची. गिरणीपुढं दगडी ओटा होता. बायका दळणाचे डबे घेऊन यायच्या, डबा रांगेत ठेवायच्या आणि काखेतलं लेकरू माझ्या बायकोच्या पायावर आडवं टाकायच्या. गावात म्हणायचे, ह्यांच्याकडं एका दारात पीठ आन् एका दारात पोट.

बेंबी सरकली, वारा धरला, चार दिवस झाडा झाला नाही, असली लेकरं यायची. ती वाटीत एरंडेल कोमट करून घ्यायची. पण चोळायच्या आधी ती नुसती चाचपायची, आणि ते चाचपणंच जास्त वेळ चालायचं. बोटांना तेल लावायची, चार बोटं पोटावर ठेवायची आणि दुसरीकडंच कुठंतरी बघत बसायची. ऐकू येत नसलेल्या माणसानं कान लावावा तशी. एखाद्या लेकराला हात लावून लगेच परत करायची. म्हणायची, "हे माझं न्हाई बया. हे दवाखान्याचं हाय. आजच जा." तिच्या आजीकडनं तिच्याकडं हे आलं होतं. पैसा घेतला तर हाताचा गुण जातो म्हणून पैसा घ्यायची नाही. बायका वाटीत घरचं तेल ओतून जायच्या, तेवढंच.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या साली आमची मुलगी झाली. आधीची दोन पोरं होती, ही तिसरी. पाचव्या महिन्यात तिचं डोकं वाढायला लागलं. बायका म्हणाल्या, मोठं कपाळ, नशिबाची हाय. माझ्या बायकोनं तिच्यासाठी टोपडं शिवलं होतं, ते पंधरा दिवसांत बसेना. दुसरं शिवलं. तेही बसेना. तिसरं टोपडं शिवताना ती मधेच थांबली आणि म्हणाली, "ओ, हे बरोबर न्हाई." तोवर पोरीचे डोळे खाली उतरल्यासारखे दिसायला लागले होते, बुबुळाच्या वर पांढरं दिसायचं. नांदेडला दाखवलं. लेकरांच्या डॉक्टरनं टेप लावून डोकं मोजलं आणि सांगितलं, मेंदूतलं पाणी उतरत नाही, आत तुंबतंय. हैदराबादला न्या.

छोट्या लाइनीच्या गाडीनं नांदेडहून हैदराबादला गेलो. तिथल्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं. डोक्यातनं एक बारीक नळी, कानामागनं, मानेतनं, छातीवरनं, सगळी कातड्याखालनं, आणि तिचं टोक पोटात मोकळं सोडायचं. मधे एक झडप. डोक्यातलं जादा पाणी पोटात येणार आणि पोट ते जिरवणार. मला लगेच कळलं, कारण माझ्या इंजनाला थंड ठेवायला पाण्याची नळी होती आणि तिचं रोजचं काम मीच करायचो. बायको ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "टोक पोटात बांधून ठेवणार का मोकळं?"

डॉक्टर म्हणाला, "मोकळं. आतड्यांच्या मधे फिरत राहतं."

"मग पोट चोळायचं का न्हाई?"

तो हसला, पण सरळ बोलला. "नक्को अम्मा. पेट को हाथ नक्को. और सुनो, पेट फूले, बुखार आए, उलटी हो, तो फौरन लाना. एक दिन नक्को रुकना."

हे दोघांनीही ऐकलं. एक दिवस थांबायचं नाही, हेही दोघांनी ऐकलं. एवढं ध्यानात ठेवा.

घरी आल्यावर तिनं पोरीच्या अंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. न्हाऊ घालायला येणारी बाई बंद केली. तिची आई माहेराहून आली, तेल तापवून पाय पसरून बसली, तर हिनं पोरगी उचलून आत नेली. माझी सासू माझ्यादेखत म्हणाली, "गावाच्या लेकराला चोळतीस आन् माझ्या नातीला हात लावू देईनास?"

"गावाच्या लेकराच्या पोटात नळी न्हाई, माय."

"बोटभर नळी. तिला काय व्हतंय?"

"तू डॉक्टर हायस का?"

"तू हायस का?"

दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आई परत गेली ती रागानंच. आम्ही लिंगायत, आमच्यात गळ्यात लिंगाचा दोरा असतो, तोसुद्धा हिनं पोरीच्या मानेला घातला नाही, नळीवर घासंल म्हणून. दंडाला बांधला. स्वामी घरी आले होते ते म्हणाले, असं चालत नाही. ती म्हणाली, देवाला चालतंय, मी विचारलंय. एवढी ती जपत होती. मी हे सगळं बघत होतो. बघून काय उपयोग झाला, ते पुढं येईलच.

पोरगी उशिरा बसली, उशिरा चालली. डावा पाय जरा ओढायची. पण बोलायला लई तिखट होती. मग ते दुष्काळाचं साल आलं. सलग दुसरं. आमच्या गावाला लातूरकडनं टँकर यायचा, ओढ्यापलीकडं नांदेडकडनं. लोक म्हणायचे, पाणी तर दोन्हीकडं नाही, जिल्हे मात्र दोन. पोरीच्या डोक्यावरनंही लोक वाईट बोलले. एक जण गिरणीत दळण टाकताना म्हणाला, साऱ्या गावाचं पाणी तुमच्या लेकराच्या डोक्यात जाऊन बसलंय. मी त्याचा डबा उचलून बाहेर ठेवला. त्यावर मला अजून काही सांगायचं नाही.

उन्हाळ्यात पोरगी तीन वर्षांवर काही महिन्यांची होती. खायला बसली की दोन घास खायची आणि म्हणायची, पोट भरलं. परकराची नाडी उजव्या बाजूला रुतायला लागली. आईनं नाडी सैल केली, चार दिवसांनी परत रुतली. एक-दोनदा उलटी झाली. मी तिला तालुक्याच्या एका डॉक्टरकडं नेलं. त्यानं पोटावर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाला जंत आहेत, बाटली दिली. नळीचं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, नळी डोक्यातली, हे पोटाचं आहे. मला ते पटलं. डॉक्टर म्हणाला म्हणजे झालं, असं वाटणाऱ्यांतला मी.

आठ दिवस बाटली पाजली. नवव्या दिवशी सकाळी मी इंजनाला डिझेल घालायला उठलो तर ओट्यावर बायको पाय पसरून बसलेली, पोरगी तिच्या पायावर, परकर वर सरकवलेला. शेजारी तेलाची वाटी. बायकोची चार बोटं पोटावर, उजव्या बाजूला.

मी म्हणालो, "काय करायलीस?"

"बघायले."

"डॉक्टर नक्को म्हणाला होता ना."

"चोळत न्हाई मी. कोरड्या हाताला जे कळत न्हाई ते तेलाच्या बोटाला कळतंय. इथं पाण्याची पिशवी हाय. वारा न्हाई, जंत न्हाई, मळ न्हाई. हलत न्हाई, दाबलं तर फिरत न्हाई. एका जागी धरून बसलंय. नळीचं पाणी जिरत न्हाई, तिथंच साठतंय. आजच्या आज नांदेडला चला. तिथनं पुढचं बघू."

मी आयुष्यात बघितलेल्या कुठल्या डॉक्टरनं यापेक्षा नीट सांगितलेलं नाही. पण त्या दिवशी गावात रोजगार हमीच्या मजुरीचा गहू आला होता. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांना पैशाच्या जागी धान्याची कुपनं मिळायची. कितीतरी दिवसांनी गहू आला होता, आणि मला कितीतरी दिवसांनी डिझेल मिळालं होतं. उजाडायच्या आत ओट्याखाली डब्यांची रांग लागली होती. मी म्हणालो, "दोन दिवस थांब. दळण उरकतो. लोक उपाशी हायत."

"पलीकडं माझ्या माहेरी गिरणी हाय. तिकडं जातील."

"आणि आपला जिल्हा आता लातूर हाय. नांदेडला कशाला? लातूरलाच नेऊ, दोन दिवसांनी."

ती म्हणाली, "जिल्हा नवा झाला, तुमी जुनंच राहिलात."

मी पट्टा चढवला आणि इंजन चालू केलं. त्या आवाजात तिचं पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही. मला ऐकू यायला नको होतं, म्हणून मी इंजन चालू केलं. गाव उपाशी मरणार नव्हतं. तिचं म्हणणं खरं होतं, ओढा ओलांडला की गिरणी होती. मला माझी रांग सोडवत नव्हती, एवढंच. दिवसभर लोक म्हणत होते, तुमी होता म्हणून चूल पेटली. ते ऐकायला बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीचं अंग तव्यासारखं तापलं. ती आईला ओळखत होती, मला ओळखत नव्हती. लोह्यावरून नांदेडची गाडी धरली. लातूरचं नाव मी काढलं नाही. नवीन साड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली एक बाई शेजारी होती, ती सारखी विचारत होती, काय झालं, काय झालं. बायको तिला सांगत होती. माझ्याशी ती वाटेत एक शब्द बोलली नाही.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं नाव-गाव लिहून घेतलं. हैदराबादचा कागद बघितला. पोट उघडं करून हात लावला आणि त्याचं तोंड बदललं. त्यानं मला विचारलं, "किती दिवसांपासून फुगलंय?"

"पंधरा-वीस."

"ताप?"

"आज सकाळपासनं."

"कागदावर लिहिलंय की पोट फुगलं तर लगेच आणा. पंधरा-वीस दिवस तुम्ही काय करत होता?"

बघा, प्रश्न मला होता. पेन माझ्याकडं रोखलेलं होतं. मागं दोन नर्सा उभ्या होत्या, बाकड्यावर आमच्याकडलीच माणसं बसलेली, एक जण तर माझ्या गिरणीवर येणारा. आणि मी म्हणालो, "हिची माय पोटं चोळते. गावातल्या लेकरांची."

मी खोटं बोललो का? शब्दानं नाही. ती पोटं चोळायचीच. डॉक्टरनं मान वर केली आणि बायकोकडं बघितलं. "बाई, मुलीचं पोट चोळलं?"

"न्हाई साहेब. नुसतं बघितलं."

"तेल लावून?"

"तेल लावून. पण चोळलं न्हाई. पिशवी लागली हाताला, म्हणून ह्यांना म्हणाले की..."

डॉक्टरनं हात वर करून तिला थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. तेव्हा तरी मी म्हणायला पाहिजे होतं की दोन दिवस मी थांबवलं. मी म्हणालो, "तेलाची वाटी मी बघितली साहेब."

त्यानं मान हलवली आणि लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, त्यामुळं काय लिहिलं ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही. बायको माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. एखाद्या बाईनं लेकरू आणावं आणि हिनं त्याच्या पोटाला बोटं लावून थांबावं, तसं काहीतरी ती माझ्या तोंडावर चाचपत होती.

सुई घालून पोटातलं पाणी काढून बघितलं. ते गढूळ होतं. त्याच दिवशी पोट उघडलं. आत नळीच्या टोकाभोवती पडद्याची पिशवी धरली होती, नारळाएवढी. ती रिकामी केली. नळीचं टोक पोटातनं बाहेर काढून एका बाटलीत सोडलं, कारण आत जंतू असताना ते पोटात परत ठेवता येत नव्हतं. बाटली किती उंचीवर ठेवायची ते ठरलेलं होतं. खाली गेली तर डोक्यातलं पाणी जास्त ओढलं जाणार, वर गेली तर थांबणार. बायकोनं भिंतीवर कोळशानं रेघ ओढली, म्हणजे कुणी खाट हलवली तरी कळावं. नर्स ओरडली, भिंत घाण केली म्हणून. बायको म्हणाली, "पोरीला घरी नेताना भिंत पुसून देते." तीन आठवडे ती त्या रेघेशेजारी बसून होती. मी गावाकडं जाऊन येऊन होतो. गहू संपला होता, गिरणीला कामच नव्हतं.

आठव्या दिवशी मोठ्या डॉक्टरनं मला पडवीत गाठलं. वयस्कर माणूस, आमच्याच भागातला, आमच्यासारखंच बोलायचा. म्हणाला, "लेकरू वाचतंय. तिसऱ्या आठवड्यात पाणी स्वच्छ आलं की हैदराबादला जा, ते दुसऱ्या बाजूनं नवी नळी घालतील."

मी विचारलं, "साहेब, चोळल्यानं झालं का हे?"

"कोण म्हणालं? न्हाई. नळी ही परकी वस्तू. कधी कधी पोट तिच्याभोवती आपणहून पडदा धरतं. बारीक जंतू असले की जास्त. मग पाणी जिरत नाही, साठतं. चोळण्याचा काही संबंध न्हाई." मग तो म्हणाला, "दोन-चार दिवस आधी आणलं असतं तर इतका ताप चढला नसता."

ती आत होती, बाटलीपाशी. मी आत गेलो तेव्हा तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "लेकरू बरं हाय म्हणाले. हैदराबादला जायचंय."

"आजून काय म्हणाले?"

"आजून काय न्हाई."

म्हणजे मला आठव्या दिवशीच कळलं होतं. हे सांगण्यासाठी एवढं सगळं सांगतोय. नंतर कधीतरी कळलं, म्हातारपणी उमगलं, असं काही नाही. आठव्या दिवशी.

हैदराबादला डाव्या बाजूनं नवी नळी घातली. पोरगी घरी आली. दवाखान्यातल्या बाकड्यावरच्या त्या माणसानं आमच्या आधीच गावात सगळं पोचवलं होतं. तरी महिन्याभरात एक बाई रडणारं लेकरू घेऊन ओट्यावर आली. तिनं लेकरू पुढं केलं. माझी बायको हात मागं घेऊन म्हणाली, "न्हाई बया. माझ्या घरचाच इस्वास न्हाई, तुझं लेकरू कशाला हातात घेऊ?"

मी आत जात्यापाशी होतो. इंजन बंद होतं, सगळं ऐकू आलं. बाहेर येऊन एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. त्यानंतर तिनं कुणाच्याच पोटाला हात लावला नाही. मला पोटशूळ उठला तर ओव्याचं पाणी करून द्यायची आणि बाजूला बसायची. नातवंडं झाली, त्यांनाही नाही. सुना शहरातल्या, त्यांना यात काही विशेष वाटलं नाही.

आणि तो कागद. तो मी विसरलो होतो, पण कागद विसरत नाही. पोरगी अकरा वर्षांची असताना बेंबीपाशी कातडं लाल झालं आणि तिथनं थेंब थेंब पाणी यायला लागलं. नळीचं टोक बेंबीतनं बाहेर यायला बघत होतं. आता लातूरलाच मोठे डॉक्टर आले होते. या वेळी मी एक तास थांबलो नाही, जीप करून नेलं. डॉक्टरनं जुने कागद चाळले आणि चष्म्यावरनं बायकोकडं बघत म्हणाला, "बाई, ती चोळायची सवय अजून गेली नाही का?"

ती म्हणाली, "गेली साहेब." बस. एवढंच. मी शेजारी उभा होतो.

त्यानं त्याच्या कागदात ते परत लिहिलं असणार. पुढच्यानं त्याचं बघून लिहिलं. हैदराबाद, सोलापूर, परत लातूर, जिथं गेलो तिथं कुणी ना कुणी तिला एकदा रागवायचंच. पहिल्यांदा मला वाटायचं, ह्यांना कसं कळतंय.

ते कळलं पोरगी कॉलेजात गेल्यावर. तिला इंग्रजी यायला लागलं होतं. एका दुपारी ती फाइल घेऊन बसली आणि मोठ्यानं वाचायला लागली, आम्हाला मराठीत सांगत. एका जागी ती अडखळली. म्हणाली, "इथं लिहिलंय, आई मुलीचं पोट चोळत होती. माहिती देणारा, वडील."

बायको तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही. ती म्हणाली, "वाच. पुढं काय लिहिलंय ते वाच."

मी उठून गिरणीकडं गेलो. त्या दिवशी गिरणी बंद होती.

मागच्या वर्षी तिला छातीत कफ धरला आणि चार दिवसांत ती गेली. त्या चार दिवसांत मी रोज ठरवायचो. माणसं भेटायला यायची, चहा व्हायचा, पोरं शहरातनं आली. चौथ्या दिवशी दुपारी खोलीत दोघंच होतो. मी म्हणालो, "नांदेडला त्या टायमाला..." ती म्हणाली, "राहू द्या." तिला काय राहू द्यायचं होतं, मला माहीत नाही. कदाचित माझं बोलणं, कदाचित तिच्या अंगावरचं पांघरूण मी सरळ करत होतो ते. आमच्यात बसवून माती देतात. डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. स्वामींनी तिची बोटं उघडली, तेव्हा ती सहज उघडली. मी तिथं उभा होतो आणि माणसांनी मला धरलं होतं. मला धरायची गरज नव्हती.

दीड महिन्यामागं मुलीच्या पोटात दुखायला लागलं. ती आता मोठी बाई आहे, अंगणवाडीत शिकवते, लग्न केलं नाही. आधी आई सोबत जायची, आता मी गेलो. लातूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं सगळी फाइल पहिल्यापासून वाचली, आणि कुणी रागवावं तसं नाही, साधंच विचारलं, "लहानपणी आईनं पोट चोळल्यामुळं गाठ झाली होती, असं दिसतंय. बरोबर ना?"

मी म्हणालो, "ते खोटं हाय."

"काय?"

"तिनं चोळलं नव्हतं. तिनं हातानं ओळखलं होतं, पाण्याची पिशवी हाय म्हणून, आणि आजच न्या म्हणाली होती. मी दोन दिवस गिरणी चालवली. उशीर मी केला आणि नाव तिचं सांगितलं. हे लिहा."

ती गोंधळली. म्हणाली, "आजोबा, इतकी वर्षं झाली. त्यानं आता उपचारात काही फरक पडत नाही."

"उपचाराला पडत न्हाई. लिहा."

"जुन्या कागदात मला बदल करता येत नाही."

"मग नव्यात लिहा. माहिती देणारा, वडील."

तिनं लिहिलं. मी मराठीत वाचून दाखवा म्हणालो, तिनं वाचून दाखवलं. नीट लिहिलं होतं. मला वाटलं होतं, लिहून झालं की काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. ज्या बाईसाठी लिहायचं होतं ती कागद वाचणारी नव्हतीच, तिला तोंडानं सांगायचं होतं.

सोनोग्राफीसाठी बाहेर बाकड्यावर बसलो. मुलीनं फाइल पिशवीत घातली. मग म्हणाली, "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"चोळण्यानं होत नाही, हे पण?"

"ते नांदेडला कळलं, आठव्या दिवशी. मोठ्या डॉक्टरनं सांगितलं होतं."

ती समोरच्या दाराकडं बघत होती. म्हणाली, "मी कॉलेजात असताना ती फाइल वाचली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईला बोलले. तुम्ही नव्हता. म्हणाले, माझा पाय, माझं डोकं, हे सगळं तुझ्या हातानं झालं. माझी शिक्षिका मला वर्गात पुढं बसवायची नाही, तेही तुझ्यामुळं. लई बोलले मी."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. माझ्या वेणीला तेल लावत होती. लावत राहिली."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी फक्त तिचं आणि माझं बिघडवलं. माझं वाक्य पोरीच्या तोंडातनं तिच्यापर्यंत पोचलं होतं, आणि तिनं पोरीला खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरीला बाप राहिला नसता. मला हे आता कळतंय. तिला तेव्हाच कळलं असणार. एवढं तिला हातानं कळायचं, हे कसं कळलं नसेल.

आतनं नाव पुकारलं. मी पिशवी उचलली आणि उठलो. दरवेळी आई आत जायची, चपला काढून पायथ्याशी उभी राहायची.

मुलगी म्हणाली, "तुम्ही इथंच बसा, आप्पा."

ती भिंतीला हात लावत, डावा पाय ओढत आत गेली. दार लोटून घेतलं. मी बसलो.